नकाशा कोणाचा

पोर्टल बनवणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदा तरी ते स्वतः भरून बघावं, एवढी एकच मागणी नोंदवून मी ही हकीकत सांगायला घेतो. मागणी मान्य होणार नाही, हे मला माहीत आहे. माझ्या मागण्या मान्य व्हायची सवय कोणालाच नाही, मलाही नाही.

मी अध्यापक विद्यालयात शिकवतो. उद्या जे शाळांमधून मास्तर आणि बाई होणार, त्यांना सामाजिक शास्त्र कसं शिकवावं ते सांगतो. या वर्षी वरून एकपानी आदेश आला: प्रत्येक छात्राध्यापकाने सामाजिक शास्त्राच्या एका घटकाचे नियोजन तंत्रज्ञानाच्या साहाय्याने करून तीन आठवड्यांत पोर्टलवर सादर करावे; त्याच घटकावर वार्षिक पाठ घेतला जाईल. प्राचार्यांनी आदेश वाचला, दोन बोटांत धरला आणि माझ्यापुढे सरकवला. "तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं," ते म्हणाले. मागे एकदा मी स्टाफरूमच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला होता. तेव्हापासून कळतं.

खरं सांगायचं तर मला कोणी शिकवलेलं नाही. जे येतं ते चुकत-माकत, शिव्या खात आलं. पण आमच्याकडे चुकत-माकत शिकलेला माणूस तज्ज्ञ ठरतो, कारण बाकीच्यांनी चुकायचासुद्धा त्रास घेतलेला नसतो.

आता टाचणाविषयी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. टाचण म्हणजे पाठाचा आराखडा. त्यात दोन रकाने असतात. डावीकडे 'शिक्षक कृती', उजवीकडे 'विद्यार्थी कृती'. शिक्षक काय विचारेल ते डावीकडे लिहायचं आणि मुलं काय उत्तर देतील ते उजवीकडे. मुलांना विचारायच्या आधी. हे भविष्य एक तुकडी पुढच्या तुकडीला देते आणि पुढची ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढते. गेल्या वर्षी अठरापैकी अकरा टाचणांत 'आपल्या गावात कोणकोणत्या सोयी आहेत?' या प्रश्नाला मुलाने 'तार कार्यालय' असं उत्तर दिलं होतं. ते लिहिणाऱ्या छात्राध्यापकांनी तार जन्मात पाहिली नव्हती, मुलांचा तर प्रश्नच नाही. तपासणाऱ्याने सगळ्यांवर बरोबरची खूण केली होती. तपासणारा मीच होतो. तेव्हा राग आधी स्वतःवर काढून मग पुढे जातो.

या तुकडीत एक काकू होत्या. वय एक्केचाळीस. सगळे त्यांना काकूच म्हणायचे, त्यामुळे मीही. एकवीस वर्षं पाळणाघर चालवून, दोन मुली मार्गाला लावून त्या शिक्षिका व्हायला आल्या होत्या. वार्षिक पाठात दोनदा नापास झाल्या होत्या आणि नियमाप्रमाणे संधी तीनच. ही तिसरी. दोन्ही वेळा परीक्षकांनी शेरा एकच दिला होता: 'विद्यार्थ्यांची उत्तरे टाचणाप्रमाणे आली नाहीत.'

"मुलांनी त्यांच्या मनाचं सांगितलं, सर," काकू मला म्हणाल्या होत्या. "मी त्यांना गप्प बसवलं नाही. तेवढंच चुकलं."

या वेळी काकूंना पास करूनच दाखवायचं, असं मी मनाशी ठरवलं. दुसऱ्याचं भलं करायचं ठरवलं की माणसाची छाती जरा पुढे येते. माझीही आली. पुढे काय झालं, त्याची सुरुवात त्या छातीपासून झाली.

पहिलं काम प्रोजेक्टर. विद्यालयात प्रोजेक्टर आहे हे मला कपाटाच्या काचेतून माहीत होतं. किल्ली हेडक्लार्ककडे.

"मिळणार नाही," हेडक्लार्क म्हणाले.

"का?"

त्यांनी जडवस्तू नोंदवही उघडून ओळीवर बोट ठेवलं. 'प्रोजेक्टर, नग एक, नवीन, सुस्थितीत, न वापरलेला.' सहा वर्षं हीच ओळ तपासणीत पास झाली होती. "तुम्ही लावला की तो वापरलेला झाला. मग ही ओळ खोटी. खोटी ओळ कोणी लिहिली? मी. सर, तुम्हाला तंत्रज्ञान करायचंय, मला निवृत्त व्हायचंय."

अर्धा तास घातल्यावर तोडगा निघाला. प्रोजेक्टर टेबलावर ठेवायला मिळेल, लावायचा नाही. नोंद: 'दाखवण्यापुरता.'

मग मी फोनकडे वळलो. पोर्टलमध्येच नकाशा तयार करायची सोय होती आणि ती आत्तापर्यंत कोणी उघडलेली नव्हती. मी दोन रात्री बसून ती शिकलो आणि अठराही जणांना शिकवली. संगणकखोलीत सात यंत्रं, त्यातली तीन चालू, आणि त्या तिन्हींतल्या एकाला धक्का दिल्याशिवाय जाग येत नाही. पण मंडळी शिकली. सतरा जणांनी 'ऐतिहासिक स्थळे' घेतली, कारण त्याचं जुनं टाचण तयार होतं. काकूंनी घेतलं 'आपल्या वस्तीला पाणी कसे मिळते', पाचवीसाठी, सहा तासिकांचा घटक. मुलांनी आपापल्या गल्लीत नळाला किती वेळ पाणी येतं ते घड्याळ लावून मोजायचं आणि नकाशावर ठिपका द्यायचा. एक तासाहून जास्त तर निळा, अर्ध्या तासाच्या आत असेल तर लाल, मधला पिवळा. मग वर्गात बसून बघायचं: असं का?

हे 'असं का' ऐकल्यावर मला वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा वाटलं, की आपण शिकवतो ते कोणीतरी ऐकतंय.

नकाशा सुरू करताना पोर्टल विचारत होतं: कोणाला दिसावा? फक्त मला, विद्यालयाला, की सर्वांना. मी घरी याच विचारात होतो तेव्हा शेजारचे साहेब आले. ते कोणत्या तरी कचेरीतून निवृत्त झालेत आणि निवृत्तीनंतर त्यांनी मला चालवायला घेतलंय. उंटावरून उतरायला ते तयार नसतात.

"सर्वांना करा, मास्तर. लपवण्यासारखं काय आहे? पारदर्शकता हवी."

"गडबड झाली तर?"

"नकाशाने कसली गडबड होते? नकाशा म्हणजे कागद हो."

मी 'सर्वांना' केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त इथे बोट पुरलं.

मुलांनी चार दिवसांत एकशे बारा ठिपके दिले. सराव शाळेतली ती मुलं; त्यांना उजवा रकाना माहीत नव्हता, म्हणून त्यांनी खरं लिहिलं. एकाने ठिपक्याखाली टीप दिली: 'आमच्याकडे येत नाही पण समोरच्यांच्या टाकीतून सांडते ते येते.' वस्तीचा मोठा भाग गोवर आल्यासारखा लाल झाला. मधे एक गल्ली मात्र निळीशार. त्या गल्लीत आमचे प्राचार्य राहतात.

मार्गदर्शक म्हणून नकाशाखाली माझा पत्ता आणि फोन नंबर होता. पाचव्या दिवशी सकाळी सात वाजता दारात एक बाई उभ्या. हातात बादली नव्हती, पण आवाजात होती.

"आमचा ठिपका लाल का केलाय?"

"तुमच्याकडे पाणी किती वेळ येतं?"

"वीस मिनिटं."

"मग लालच येणार."

"तो निळा करा. म्हणजे पाणी येईल."

मी त्यांना समजावलं, की ठिपक्यामुळे पाणी येत नाही, पाण्यामुळे ठिपका येतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या निळ्या गल्लीवाल्यांनी कोणाला सांगून करून घेतला?"

दुपारपर्यंत नऊ जण येऊन गेले. एका गृहस्थाने पिवळ्यावर समजूत करून घ्यायची तयारी दाखवली. शेजारचे साहेब माझ्या ओसरीत खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्यांचे अर्ज घ्यायला लागले. "नीट लिहा, गल्ली क्रमांक वर," ते सांगत होते. मी म्हटलं, "साहेब, हा शाळेचा पाठ आहे." ते म्हणाले, "मास्तर, लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे." बायको आतून सगळं ऐकत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "आपला ठिपका कुठला?" आपला लाल होता. तो बघायला मला वेळच झाला नव्हता.

मग पाणीपुरवठा कचेरीचं पत्र आलं. 'आपल्या संस्थेमार्फत अनधिकृत पाणीवाटप नकाशा प्रसिद्ध झाल्याचे निदर्शनास आले आहे. तयार करणाऱ्याचे नाव कळवावे.' प्राचार्यांनी मला बोलावलं. निळ्या गल्लीतला माणूस किती लाल होऊ शकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

"नकाशावर त्या काकूंचं नाव आहे," ते म्हणाले. "उद्या त्यांना माझ्यासमोर आणा. असल्या बाईला वार्षिक पाठाला बसवायचं की नाही, ते मी बघतो."

त्या रात्री मी मोठेपणा केला. मार्गदर्शकाला पोर्टलवर बरेच अधिकार असतात. मी घटक उघडला, 'तयार करणारा' या चौकटीतलं काकूंचं नाव काढलं आणि माझं घातलं. ओरडा मी खाईन, नोटीस मी घेईन, काकू सुटतील. डोळे जरा पाणावलेसुद्धा, स्वतःच्याच चांगुलपणाने.

"काय करताय?" बायकोने विचारलं.

मी सांगितलं.

"त्यांना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? मी वाचवतोय त्यांना."

"बुडणाऱ्यालासुद्धा आधी हाक मारतात," ती म्हणाली आणि दिवा मालवून झोपली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी पोर्टलवर माझं नाव पाहिलं आणि ते एका रात्रीत कसं बदललं हे न विचारता कचेरीला कळवून टाकलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी वार्षिक पाठाची यादी लागली. सतरा नावांपुढे 'पात्र'. काकूंच्या नावापुढे 'घटक नियोजन सादर नाही'.

काकू संगणकखोलीत आल्या. मी एकटाच होतो. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"सर, माझं नाव कुठे गेलं?"

मी कारण सांगितलं. प्राचार्य, पत्र, नोटीस, माझा हेतू. हेतूवर जरा जास्त वेळ बोललो.

"एकवीस वर्षं पाळणाघर चालवलं," त्या म्हणाल्या. "दारावर पाटी नवऱ्याच्या नावाची होती. का, तर लोकांना बरं वाटतं. हा नकाशा मी केला. पोरांबरोबर गल्ल्या मी फिरले. ओरडा बसायचा होता तर मी खाल्ला असता, सर. तो तरी माझा होता."

'समाजातील नागरिकांचे हक्क' या विषयावर मी वर्षाला चौदा तासिका घेतो.

पाठ चार दिवसांवर होता. मी नाव परत बदलायला गेलो. पोर्टल म्हणालं, नाव दुसऱ्यांदा बदलण्यास कारण द्यावे. कारणांची यादी उघडली. तीन कारणं होती: मृत्यू. विवाह. वाङ्मयचौर्य.

मी खाली-वर सरकवून पाहिलं. 'इतर' नव्हतं. चौथं कारण पोर्टल बनवणाऱ्याच्या कल्पनेत बसलं नव्हतं. मदतकेंद्राला फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक तरुण आवाज आला.

"विवाह टाका सर, लगेच होतं. कागद मागत नाहीत."

"अहो, आधीचं नाव माझं आहे आणि नवं एका बाईंचं. विवाह टाकला तर अर्थ काय होईल?"

तो विचारात पडला. "लग्नानंतर तुमचं नाव बदललं, असा होईल," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

शेजारच्या साहेबांना मी विचारलं नव्हतं, पण ते आले होते. "मृत्यू टाका," त्यांनी सुचवलं. "दाखला मागतील, पण त्यात तीन महिने जातात. तोवर पाठ होऊन जाईल."

"कोणाचा मृत्यू, साहेब?"

"तुमचाच. कागदोपत्री हो."

राहिलं तिसरं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. माझी नोकरी स्वच्छ होती. फारशी उजळ नसेल, पण तिच्यावर डाग नव्हता. निवृत्तीला नऊ वर्षं होती. चोरी केली असं लिहून दिलं तर ते सेवापुस्तकात जाणार, चौकशी लागणार, आणि स्टाफरूममध्ये मी गेलो की बोलणं थांबणार. शिवाय मी चोरी केलेली नव्हती. मी तर त्याग केला होता.

बायकोने माझ्या खांद्यावरून पडद्यावर पाहिलं. तिने तिन्ही कारणं वाचली.

"तिसरंच खरं आहे," ती म्हणाली.

"मी चोर आहे?"

"त्यांची वस्तू त्यांना न विचारता तुमच्या नावावर केलीत. त्याला दुसरा शब्द असेल तर मला सांगा. मराठी तुमची जास्त चांगली आहे."

मी तिसरं कारण निवडलं. खाली कबुली आपोआप उमटली: 'सदर साहित्य मी मूळ लेखकाच्या संमतीशिवाय स्वतःच्या नावे केले.' मी ती तीनदा वाचली. राग यावा असा एक शब्द शोधला. एकही चुकीचा नव्हता. बटण दाबलं.

प्राचार्यांनी काकूंना अडवून पाहिलं, पण चौर्याची नोंद झाली की मूळ लेखकाला संरक्षण मिळतं, असा त्याच पोर्टलचा नियम निघाला. तो कोणी, कशासाठी लिहिला असेल देव जाणे. त्याला माझा नमस्कार.

पाठाच्या दिवशी बाहेरच्या परीक्षक बाई आल्या. करारी, चष्म्यावरून बघणाऱ्या. टेबलावर प्रोजेक्टर होता, शेजारी हेडक्लार्क पहाऱ्याला. वर्गात वीस मुलं, चार फोन, एका फोनभोवती पाच डोकी. परीक्षक बाईंनी काकूंचं टाचण उघडलं आणि त्यांची भुवई वर गेली. मी मागून डोकावलो. उजवा रकाना जवळजवळ रिकामा होता. प्रत्येक प्रश्नापुढे काकूंनी एकच ओळ लिहिली होती: 'मुले सांगतील ते ऐकणे.'

संपलं, मी मनात म्हटलं. तिसरी संधीही गेली.

पाठ सुरू झाला. काकूंनी फक्त विचारलं, "नकाशात काय दिसतं?" आणि मग त्या बाजूला सरकल्या. मुलं एकमेकांशी बोलायला लागली. टाकी उंचावर आहे म्हणून, एक म्हणाला. मग आमचं घर टाकीच्या खालीच आहे तरी लाल का, दुसरीने विचारलं. नळ जुना असेल. किल्ली फिरवणारे काका आमच्याकडे शेवटी येतात. शेवटी का येतात? कोण ठरवतं? कोण ठरवतं, हा प्रश्न चारही फोनांवरून फिरून काकूंकडे आला. "मला माहीत नाही," काकू म्हणाल्या. "कसं शोधू या?"

तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी वळून परीक्षक बाईंना म्हणाली, "बाई, तुमच्याकडे किती वेळ येतं?"

परीक्षकाला प्रश्न विचारायचा नसतो, हे त्या मुलीला कोणी सांगितलं नव्हतं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"सतरा मिनिटं," त्या म्हणाल्या. "पहाटे."

"मग लाल," मुलगी म्हणाली. "कुठली गल्ली?"

बाईंनी गल्ली सांगितली; ती याच वस्तीच्या टोकाची निघाली. मुलीने ठिपका दिला. मग बाई बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या.

काकू पास झाल्या. काठावर, पण पास. मी गुणपत्रक पाहिलं आहे. 'टाचणाप्रमाणे उत्तरे' यात दहापैकी शून्य. 'विद्यार्थी सहभाग' दहापैकी दहा. 'तंत्रज्ञानाचा वापर' दहापैकी दहा, आणि पुढे शेरा: 'प्रोजेक्टर उपलब्ध'. हेडक्लार्कनी तो पुसून परत कपाटात ठेवला. तो अजून नवीनच आहे.

माझी चौकशी लागायला पाच महिने गेले. तोवर स्टाफरूममध्ये बोलणं थांबायचं ते थांबलं. ज्यांनी जन्मात स्वतःचं एक टाचण लिहिलं नाही, ते मला बघून वह्या मिटू लागले. शेजारचे साहेब येईनासे झाले; पारदर्शकता त्यांना दुरूनच आवडते. पाण्यात फरक पडला म्हणावं तर आमची गल्ली वीसवरून तेवीस मिनिटांवर आली.

चौकशीला तीन जणांची समिती होती, विद्यालयातल्याच एका खोलीत. खोलीबाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. त्यांना साक्षीला बोलावलं नव्हतं, त्या आपल्या आल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. आत वीस मिनिटं लागली. अध्यक्षांनी बरंच विचारलं, पण अर्थ एवढाच होता: नकाशा खरंच त्या बाईंचा, की तुम्ही करून दिला आणि आता त्यांच्या नावावर ढकलताय? 'मी करून दिला' म्हटलं असतं तर चोरीचा डाग गेला असता. नुसता अतिउत्साही मार्गदर्शक ठरलो असतो. प्राचार्य शेजारी बसून आशेने माझ्याकडे बघत होते.

बाहेर आलो. काकूंनी वर पाहिलं.

"काय विचारलं?"

"नकाशा कोणाचा म्हणून विचारलं."

"मग?"

"तुमचा, म्हणालो. वेतनवाढ थांबवली एक."

काकूंनी आभार मानले नाहीत. मीही अपेक्षा केली नव्हती. अपेक्षा होती, पण मी ती केली नाही. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, पिशवी खांद्याला लावली.

"निघते सर," त्या म्हणाल्या. "बाराला माझा तास आहे."